तीन पर्णिकांचं पान शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

रविवारी झाडं ओळखायच्या फेरीत तुमच्यासमोर नीट बोलता आलं नाही, घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

शाळेत 'हस्ताकृती संयुक्त पर्ण' (एकाच जागेतून बोटांसारख्या फुटलेल्या छोट्या पानांचं, म्हणजे पर्णिकांचं, मिळून एक पान) शिकवताना बाईंनी सगळ्यांना हात वर करायला लावले होते. पाच बोटं, पाच पर्णिका! माझ्या उजव्या हाताला जन्मापासून तीनच बोटं. बाई म्हणाल्या, "तू राहू दे." वर्ग हसला. तेव्हापासून तो हात खिशात गेला आणि वनस्पतिशास्त्र ऑप्शनला. पुढच्या शिक्षकांनी तर माझ्याकडे पाहायचंच टाळलं. त्यांना तो चांगुलपणा वाटत असावा.

तुम्ही "हात पुढे करा" म्हणालात, तेव्हा मी सवयीने डावा काढला. "तो नको, दुसरा." मग निर्गुडीच्या त्याच फांदीवर मुद्दाम शोधून तीन पर्णिकांचं पान काढलंत आणि माझ्या तळव्यावर बोटाला पर्णिका जुळवून ठेवलंत. तुमच्या हातावर पाच पर्णिकांचं. "दोन्ही हस्ताकृतीच. बोटं मोजायची नाहीत, सगळी एका जागेतून फुटलीत का ते बघायचं. कडुनिंबासारखी दांड्याच्या दोन्ही बाजूंना लागली, की पिच्छाकृती." एवढं बोलून पुढच्या झाडाकडे निघालात. हाताला काय झालं, हे विचारलंसुद्धा नाहीत. ताई, ते न विचारणं मला फार लागलं, चांगल्या अर्थाने.

तेव्हापासून मला जिथेतिथे हात दिसतायत. एरंडाचं संस्कृत नाव पंचांगुल, पण पानाला बोटांसारखे खंड कधी सात, कधी नऊ. वटवाघळांच्या गटाचं नाव कायरोप्टेरा, म्हणजे हातपंखी: चार लांब बोटं पडद्यात, अंगठा मोकळा. पक्ष्याच्या पंखात मात्र तीनच बोटांची हाडं (हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो). आणि हत्ती! शब्दच 'हस्त'वरून आलेला. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या शेंड्याला बोटासारखं एकच टोक, तरी ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी तिला बिनदिक्कत हात म्हटलं. आमच्या बाईंनी त्यालाही "तू राहू दे" म्हटलं असतं.

एक शंका. सातवीणची पानं एका पेरातून गोल फुटतात, तरी ती हस्ताकृती नव्हेत. प्रत्येक पान स्वतंत्र, त्याच्या बगलेत स्वतःची कळी, असं वाचलं. पुढच्या फेरीला ती कळी दाखवाल का?

तुमचा,
निर्गुडीवाला