नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र : आधी ओढे मोजा, मग नकाशात रंग भरा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जमिनीचा काय वापर हे रंगांनी दाखवणारा कच्चा नकाशा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. रद्द झाल्याचं दुःख नाही, तो त्याच लायकीचा होता. पण त्या साठ हजार अर्जांत लोकांनी आपापल्या गटातला ओढा, उतार, विहीर यांची फुकट पुरवलेली माहिती आता कुठल्या कपाटात आहे? पुन्हा सातबारा काढा, पुन्हा गटनकाशा जोडा, पुन्हा रांगेत उभे राहा. पीडीएफ मोठी केली की गट नंबर फुटतात, ते वाचायला भिंग आमचंच. सुनावणीला रजाही आमचीच.

जुन्या शहराच्या आराखड्याची मुदतही २०२७ ला संपते. २००७ ते २०२७ साठी केलेला हा आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये! म्हणून यंदा रंग भरण्याआधीच लिहितो आहोत.

मागणी एकच आहे. आराखड्याचे पर्यावरणीय परिणाम आधी तपासा आणि तो अहवाल आराखड्याबरोबरच हरकतींसाठी ठेवा. आज १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरचा इमारत प्रकल्प असला की पर्यावरण मंजुरी लागते. शेकडो हेक्टर शेती एका सहीत पिवळी, म्हणजे रहिवासी, करणाऱ्या आराखड्याला ती लागत नाही. बिल्डरने वीस हजारांच्या आत तुकडे पाडले की तो सुटला. तुम्ही तर तुकडे न पाडताच सुटता.

हिशेब काही अवघड नाही. एका हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० घनमीटर पाणी. माती-गवत असेल तर त्यातलं साधारण तीस टक्के, म्हणजे १५० घनमीटर वाहून जातं. तिथे स्लॅब, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की नव्वद टक्के, म्हणजे ४५०. फरक ३०० घनमीटरचा. दहा हजार लिटरचे तीस टँकर, दर तासाला, दर हेक्टरला. टक्केवारी आम्ही ठोकळमानाने धरली आहे, तुमच्या अभियंत्यांनी ती खुशाल खोडावी. आता खाली ओढ्यावर ९०० मिलिमीटरचे दोन पाइप टाकलेला कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालची मोरी, घ्या. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेलं तरी त्यातून अडीच घनमीटर जातं, म्हणजे जेमतेम वीस हेक्टरचं. वर दोनशे हेक्टर पिवळे केले असतील तर उरलेलं पाणी कुठे जाणार? पार्किंगमध्ये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याकाठच्या लोकांना हे गणित तोंडपाठ झालं.

तेव्हा क्रम असा हवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २५ चा विद्यमान जमीनवापर नकाशा प्रभागांनुसार नको, पाणलोटानुसार, म्हणजे पाणी ज्या ओढ्याला मिळतं त्या क्षेत्रानुसार, करा. गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवताना सरकतो आणि ओढा शेजारच्या गटात जाऊन बसतो, म्हणून प्रत्येक ओढा जागेवर जाऊन तपासा. त्यावर १:५ पेक्षा तीव्र उतार, निळी-लाल पूररेषा (साधारण पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आणि पाणी मुरण्याच्या जागा चढवा. मग लोकसंख्येचे किमान तीन पर्याय मांडा. दर लाख माणसांमागे, माणशी १३५ लिटरने, रोज १३.५ दशलक्ष लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे १०.८ दशलक्ष लिटर सांडपाणी. मानक सरकारचंच आहे. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातही दौंड-इंदापूरच्या शेतीचा वाटा. रोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याच्या जायका (जपानी कर्जाच्या) प्रकल्पाचा करार २०१६ चा, महापालिकेत अकरा गावं आली २०१७ मध्ये, आणखी तेवीस २०२१ मध्ये. त्यांचं सांडपाणी कोणत्या केंद्रात जाईल, हे आराखड्याच्या कोणत्या पानावर आहे? जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड-किरकटवाडीच्या पट्ट्यातच का पसरली, हे निदान आरोग्य खात्याला विचारा.

पूररेषेचं तर विचारूच नका. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकची (सेकंदाला तितके घनफूट). २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पस्तीस हजारांच्या आसपास सोडले आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरलं. धरणाखालच्या पाणलोटाचं पाणी वेगळं, हे मान्य. पण तेच तर मोजायचं आहे! आणि बांधकामाची नियमावली काय म्हणते? निळ्या-लाल रेषांमध्ये जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर घ्या आणि बांधा. एकाचं जोतं उंचावलं की पाणी दुसऱ्याकडे जातं, हा धडा नियम लिहिणाऱ्यांना शिकवला नसावा.

खरं दुखणं निराळंच आहे, साहेब. आपल्याकडे एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, जलवाहिनीच्या व्यासावर नाही. प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे घेऊन दिलेलं जादा बांधकाम, विकून तिजोरी भरायची, तर नदी सोसेल किती हे मोजणं कोणाला परवडेल? आणि एवढं करून मंजूर झालेला आराखडाही कलम ३७ आणि १५४ खाली गटागटाने बदलता येतो. मग तीस दिवसांच्या हरकतींचा सोहळा कशासाठी? वीस वर्षांचं नियोजन म्हणे!

नव्या आराखड्यावर हरकती मागवणाऱ्या कलम २६ च्या नोटिशीबरोबर पाणलोटनिहाय तक्ते, तिन्ही पर्यायांचे परिणाम आणि नकाशांच्या शेपफाइल (संगणकावर मोजता येणारे नकाशे) संकेतस्थळावर टाका. जुन्या साठ हजार हरकतींचा गटनिहाय गोषवाराही त्यातच द्या. हे नसेल, तर आमची पहिली हरकत त्या नोटिशीवरच असेल.

आपले,
पुणे परिसरातील काही हरकतदार