मोडीच्या धड्यांना जागा देणाऱ्या स्टुडिओच्या व्यवस्थापकांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मोडी या मराठीच्या जुन्या लिपीच्या आमच्या वर्गाच्या पहिल्या व्हिडिओ धड्यांचे चित्रीकरण पुण्यातील आपल्या स्टुडिओत निर्विघ्न पार पडले, त्याबद्दल वर्गाच्या वतीने हे जाहीर आभाराचे पत्र लिहीत आहे. भाडे रीतसर भरले असल्याने व्यवहार तिथेच पुरा झाला, असे कोणी म्हणेल. परंतु पावतीत न मावणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपण केल्यात, त्यांची नोंद राहायला हवी.

चौकशीला आलो तेव्हा आम्ही मोठा फ्लोअर, म्हणजे चित्रीकरणाचे मोठे दालन, मागितला होता. हिरवा पडदा, कोपरे नसलेली पांढरी भिंत आणि पूर्ण दिवसाची शिफ्ट, याशिवाय चांगले चित्रीकरण होत नाही, असेच सगळ्यांनी सांगितले होते. आपण मात्र आधी विचारलेत, की पडद्यावर नेमके काय दिसणार आहे? बोरू (शाईत बुडवून लिहायची लेखणी), कागद आणि लिहिणारा हात, एवढेच, हे ऐकल्यावर मोठ्या फ्लोअरचे दरपत्रक बाजूला सारून आपण मागची लहान खोली दाखवलीत आणि अर्ध्या शिफ्टचा दर सांगितलात. स्वतःचेच उत्पन्न कमी करणारा सल्ला देणारा व्यावसायिक सहसा भेटत नाही. शिवाय सामान लावण्याचा व आवरण्याचा वेळ शिफ्टमध्येच धरला जातो, भिंतीवर डाग पडल्यास रंगकामाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, दरावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि अनामत रक्कम कधी परत मिळते, हे सारे आपण न विचारता कागदावर लिहून दिलेत. आधी पाहिलेल्या एका ठिकाणी यातले निम्मे बिल हातात पडल्यावरच कळले असते, अशी लक्षणे होती.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे जोडत नेतात. त्यामुळे बोरूचे टोक क्षणभर जरी हाताआड गेले, तरी वळण कुठून घेतले हे शिकणाऱ्याला कळत नाही. आपल्या लाइटमनदादांनी ही अडचण लगेच ओळखली. त्यांनी आडव्या दांडीला कॅमेरा बांधून तो टेबलाच्या बरोबर वर आणला, दांडीच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी अडकवली आणि मुख्य दिवा मोडी शिकवणाऱ्या आमच्या बाईंच्या डाव्या अंगाला नेला, म्हणजे उजव्या हाताची सावली पुढच्या कोऱ्या कागदावर पडू लागली. ओली शाई तरीही चकाकत होती. दिवा थोडा खाली आणून तिरका करताच ती चकाकी गेली आणि शाईचा काळा रंग काळाच दिसू लागला. पांढऱ्याशुभ्र कागदाऐवजी किंचित पिवळसर कागद घ्या, ही सूचनाही त्यांचीच.

खोलीतल्या ट्यूबलाइटमुळे आमच्या कॅमेऱ्यात काळसर पट्टे सरकत होते, तेव्हा आपण स्वतः येऊन कारण सांगितलेत: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) टिपताना शटर, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवावे. पट्टे गेले. टेक चालू असताना एसी बंद आणि टेक संपताच पुन्हा सुरू, हा क्रम आपल्या माणसांनी शेवटपर्यंत कंटाळा न करता सांभाळला. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना त्यामुळे बंद खोलीतला उकाडा सोसावा लागला नाही. बोरूची कागदावरची करकरही ऐकू यायला हवी, हे आपल्याच ध्यानात आले. त्यासाठी टेबलाखाली लावलेल्या जादा माइकचे भाडे आपण घेतले नाहीत, हे हिशेब लिहिताना माझ्या लक्षात आले.

पेशवे दफ्तरातील, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदपत्रांच्या संग्रहातील, मोडी कागद वाचू शकणारी माणसे वाढावीत, एवढ्याचसाठी आमचा हा खटाटोप आहे, आणि पुढच्या टप्प्यात जुन्या पत्रांच्या वाचनाचे धडे दिवाळीनंतर करायचे आहेत. तीच लहान खोली आणि तेच लाइटमनदादा मिळतील अशा तारखा कळवाव्यात. आगाऊ रक्कम लगेच पाठवू. धड्यांच्या शेवटच्या श्रेयनामावलीत आपले व त्यांचे नाव घालण्यास आपली हरकत नसावी, अशी आशा आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले नम्र,
मोडी वर्गाचे सर्व सदस्य