केरसुणी, कुकर आणि चिंगी

नाशिक

प्रिय स्मिता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तुझी कुत्री चिंगी केरसुणी दिसली की पलंगाखाली, कुकर लावला की पलंगाखाली आणि आता तर फ्रीजचं दार वाजलं तरी पलंगाखाली, हे वाचून तुझी किती ओढाताण होत असेल ते कळलं. काकू म्हणतात तसं "चार दिवसांत सवय होईल" हे मात्र होणार नाही. ती घरी येऊन तीन महिने झाले. सवय व्हायची असती तर एव्हाना झाली असती.

आधी थोडं कारण सांगते. पिल्लाचा जग ओळखण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. या दिवसांत जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते 'आपलं'. नंतर भेटलेलं सगळं आधी संशयाच्या यादीत जातं. चिंगी दीड वर्ष रस्त्यावर वाढली, म्हणजे रिक्षा, ट्रकचा हॉर्न, गणपतीतला ढोल तिच्या ओळखीचे. मिक्सर, इस्त्री, बंद खोलीत घुमणारी शिट्टी अनोळखी. केरसुणीचं तर वेगळंच. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कुत्र्याला हाकलायला माणूस हाताशी असेल ते उचलतो, आणि सकाळच्या वेळी हाताशी झाडूच असतो. तिचा तो समज अनुभवातून आलेला आहे, त्यामुळे केरसुणीला वेळ जास्त लागेल हे धरून चाल.

म्हणून पहिलं काम शिकवण्याचं नाहीच, रोजची भीती थांबवण्याचं आहे. सकाळी तू पनीर देऊन केरसुणीशी ओळख करून देणार आणि तासाभराने मावशी तीच केरसुणी घेऊन तिच्या अंगावरून केर काढत जाणार, तर केलेलं सगळं पाण्यात. मावशी यायच्या आधी चिंगीला मागच्या खोलीत ने, दार लाव, पंखा मोठा कर, आवाजाला रेडिओ लाव आणि चघळायला काहीतरी दे. आतली खोली झाडायची वेळ आली की तिला बाहेर आण, केरसुणी आत जाऊ दे. पलंगाखालची जागा तिची म्हणून सोडून दे. तिथून ओढून काढायचं नाही, खाऊ दाखवून बाहेर बोलवायचं नाही, तिथे केरही काढायचा नाही. पाहुण्यांनाही सांग.

आता मूळ गोष्ट. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर जे केलं, तेच आपण करणार आहोत. मुलगा आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि त्याला झेपेल तसा जवळ आणायचा. त्याच बाईंनी सावधही करून ठेवलं होतं, की घाई केली तर उलटं होतं. सशाची भीती जायच्या ऐवजी खाण्याचीच भीती बसते. चिंगी आता फ्रीजच्या आवाजाला पळते ना, ते नेमकं हेच. तू आधी फ्रीज उघडून पनीर काढतेस, मग केरसुणी आणतेस. तिने हिशोब लावला, की फ्रीज वाजला म्हणजे केरसुणी येणार. क्रम उलटा कर. आधी केरसुणी दिसेल, एक सेकंद जाईल, मग पनीर. केरसुणी दिसेनाशी झाली की पनीर बंद. आणि पनीर आधीच कापून, डबीत भरून, अधल्यामधल्या वेळी खिशात टाकून ठेव. डबी खिशात असते पण काहीच घडत नाही, असे प्रसंग दिवसातून बरेच येऊ देत.

खाऊचं प्रमाण सांगते. तुमच्याकडे चिकन चालत नाही, तर घरी केलेलं, मीठ न घातलेलं पनीर उत्तम. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे कर. ३० ग्रॅममध्ये पन्नासेक होतात आणि दिवसाला तेवढे पुरतात. त्याच्या साधारण ८०-९० कॅलरी होतात, चिंगीच्या पंधरा किलो वजनाला त्या दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जातात. तेवढं जेवण कमी कर. पहिले दोन दिवस निम्म्यानेच दे, दुधाच्या पदार्थांनी काही कुत्र्यांचं पोट बिघडतं. कांदा-लसूण लागलेलं काही नको, मनुका-बेदाणे तर अजिबात नकोत. हे पनीर फक्त केरसुणीसारख्या भीतीच्या गोष्टींच्या वेळीच मिळालं पाहिजे. एरवी काकूंनी ताटातून दिलं की त्याची किंमत गेली.

केरसुणी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, जमिनीवर आडवी ठेव. भिंतीला उभी टेकवू नकोस. ती घसरून फटकन पडली की महिनाभर मागे जाशील. मग चिंगीला दारातून आत येऊ दे, पट्टा नको, मागचं दार उघडं हवं. तिची नजर केरसुणीवर पडली, की एक तुकडा तिच्या मागच्या बाजूला, केरसुणीपासून लांब टाक. ती वळेल, खाईल, पुन्हा बघेल, पुन्हा टाक. आठ-दहा वेळा झालं की केरसुणी उचलायची नाही, चिंगीलाच बाहेर बोलवायचं आणि दार ओढून घ्यायचं. तीन-चार मिनिटांत आटपतं. दिवसातून दोनदा पुरे.

तुकडा लांब टाकायचा, हे बहुतेकांना पटत नाही. सगळे केरसुणीवरच खाऊ ठेवतात. मग काय होतं बघ: कुत्रं मागचे पाय जागेवर रोवून मान लांब करतं, तुकडा ओरबाडतं आणि उडी मारून मागे पळतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, जवळ गेली! ती गेली पनीरसाठी, आणि तोंडात घास असताना तिच्या लक्षात आलं की आपण नको तिथे येऊन पोचलो. जवळ जायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दे. जाऊन हुंगलंच तर "शाब्बास शाब्बास" करून ओरडू नकोस, गप्प बस.

तिला झेपतंय की नाही हे खाण्यावरून कळतं. मऊ ओठांनी घेतेय, तर ठीक. दात लागतील असं हिसकावून घेतेय, तर अंतर कमी पडतंय. पनीरकडे बघतही नाही, तर ते पोट भरलंय म्हणून नव्हे, ती घाबरली आहे, तिथेच थांबव. शेपूट पायांत घालणं सगळ्यांना दिसतं, त्याच्या आधीच्या खुणा बघायला शीक: झोप नसताना जांभई, काही न खाता जीभ ओठांवरून फिरवणं, पुढचा एक पाय उचलून धरणं, मान दुसरीकडे पण डोळे केरसुणीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं. यातलं काही दिसलं की दोन पायऱ्या मागे ये. आणि ज्या दिवशी केरसुणी दिसताच ती तिच्याकडे न बघता वळून तुझ्या तोंडाकडे बघेल, 'कुठंय माझं?' अशी, त्या दिवशी पुढची पायरी घे. त्याआधी नको.

पुढच्या पायऱ्यांत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जमिनीवर पडलेली केरसुणी आणि हातातली केरसुणी या तिच्या लेखी दोन वस्तू आहेत. आधी कुणीतरी ती नुसती हातात धरून खुर्चीवर बसावं. मग उभं राहावं. मग मनगट वीतभर हलवावं, फरशीला न लावता. मग फरशीला एकच फटकारा, चिंगीपासून लांब जाणारा. कमरेत वाकून पुढे सरकणारं माणूस हे सर्वांत शेवटी. झाडणारी बाई वाकलेली असते आणि तिची नजर खालीच, म्हणजे नेमकी कुत्र्याच्या उंचीवर, असते. प्रत्येक नवी गोष्ट आणताना अंतर पुन्हा वाढव, पार पहिल्यासारखं केलंस तरी चालेल. फुलझाडूची सवय झाली म्हणजे गॅलरीतल्या खराट्याचीही झाली असं समजू नकोस, त्याचा आवाज कितीतरी करकरीत. तुझ्या हातात चालतो म्हणून मावशींच्या हातात चालेल असंही नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून, पण त्या वेळी लवकर उरकतं.

कुकरचं काम वेगळ्या जातीचं आहे, कारण शिट्टीला अंतर देता येत नाही आणि ती केव्हा होणार तेही सांगता येत नाही. पण शिट्टीआधी वाफेचा सूं सूं आवाज येतो, आणि चिंगीने तो केव्हाच ओळखून ठेवलाय. त्याचा उपयोग करून घे. सूं सूं सुरू झालं की शांतपणे मागच्या खोलीत जायचं आणि तिथे थोडं पनीर जमिनीवर विखरून टाकायचं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर, पुढच्या शिट्ट्या कमी होतात, डाळ तेवढीच शिजते. शिवाय शिट्टी झाली की लगेच तुकडा, प्रत्येक वेळी, ठरवलेलं असो वा नसो. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांच्या २०२० साली छापून आलेल्या एका पाहणीत, आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ, हा साधा उपाय मालकांना सर्वांत उपयोगी वाटलेल्यांपैकी होता. घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला की भीतीला उत्तेजन मिळतं, हा समज खोटा आहे. भीती काही ती पनीर मिळावं म्हणून करत नाही. जवळ आली तर कुरवाळ. फक्त धरून ठेवू नकोस.

मोबाईलवर शिट्टी रेकॉर्ड करून लहान आवाजात ऐकवायची युक्ती चांगली आहे, पण काही कुत्र्यांना रेकॉर्ड आणि खरी शिट्टी यांतला फरक कळतो. ऐकवताना तिचे कान हललेच नाहीत, तर त्यावर वेळ घालवू नकोस.

मिक्सरचा त्रास निम्मा ओट्यातून येतो. त्याखाली रबरी मॅट घाल. टॉवेल घालू नकोस. बऱ्याच मिक्सरना खालून हवा लागते, ती कोंडली की मोटर तापते. चटणी वाटताना स्वयंपाकघराचं दार लाव, एवढं सध्या पुरे. छत्री, इस्त्रीचं टेबल, सळसळणारी पिशवी यांनाही केरसुणीचीच रीत. छत्री मात्र आधी मिटलेली, मग दुसऱ्या खोलीत उघडून आणलेली. तिच्यासमोर फाडकन उघडायची नाही.

एक गोष्ट आजच तपास. उंदीर-झुरळं पळवायला प्लगमध्ये लावतात ते यंत्र घरात आहे का? आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. ते यंत्र आपल्याला मुकं असतं, तिला दिवसभर किंचाळत असू शकतं. असलं तर काढून टाक.

आणि तुमच्या त्या गुळगुळीत फरश्या! घाबरून पळताना पाय घसरले की भीतीवर भीती चढते. दारापासून पलंगापर्यंत सतरंज्या किंवा योगा मॅट टाक, नखं काप, पंजाच्या गाद्यांमधले केस कात्रीने नको, ट्रिमरने काढ.

डॉक्टरांना एकदा दाखवच. २०१८ सालच्या एका छोट्या अभ्यासात, वीसच कुत्री होती, आवाजाची भीती असलेल्या काही कुत्र्यांच्या स्नायूंत किंवा सांध्यांत दुखणं आढळलं होतं. दचकल्यावर अंग आवळतं, तिथे दुखतं, आणि आवाज म्हणजे दुखणं असं डोक्यात बसतं. चिंगी रस्त्यावर कधी गाडीखाली सापडली होती का, कुणाला ठाऊक? मागचे पाय आणि कंबर नीट बघायला सांग. ती दिवसातला बराच वेळ पलंगाखालीच काढत असेल, जेवण टाकत असेल, तर भीती कमी करणाऱ्या औषधांविषयी विचार, त्यात कमीपणा नाही. नुसतं गुंगीचं औषध मात्र घेऊ नकोस. एसप्रोमॅझिनसारख्या गोळीने अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. पळताही येत नाही. घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळीतला तुकडा काकूंनी सुचवला तरी नाही म्हण.

दिवाळीला अजून वेळ आहे, त्या आधी केरसुणी तरी उरकू. पहिल्या आठवड्यातला एखादा व्हिडिओ पाठव. मोबाईल खुर्चीच्या पायाला टेकवून, वीतभर उंचीवर ठेव, म्हणजे चिंगीचे डोळे, कान आणि पुढचे पाय दिसतील. वरून काढलेल्या व्हिडिओत फक्त पाठ दिसते. केरसुणी चौकटीत असू दे आणि तुझा पनीर टाकणारा हातही. हात आधी हलतोय की तिची नजर आधी पडतेय, ते मला बघायचंय.

काकूंना नमस्कार, चिंगीला लांबूनच.

तुझी,
वंदना