हक्कसोडीच्या वादात सातबारा कुणी वाचतच नाही

मा. संपादक,

बहिणींनी माहेरच्या जमिनीत वाटा मागावा की नाही, यावर आपल्या सदरात जोरात वाद चालू आहे. कायद्यापुरता हा वाद मिटलेला आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीने वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमाने झालेली वाटणी उकरता येत नाही.

लग्नात केलेला खर्च वाट्यातून वळता होत नाही. स्वातंत्र्यलढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने बिनखर्चाची गांधी लग्नं लावली त्याच मुलखात लग्नखर्चाचा हिशेब बहिणीच्या नावावर टाकायचा, ही कमालच म्हणायची!

हिशेबही लोक चुकीचा करतात. समजा वडिलोपार्जित चार एकर, वडील वारले, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. आधी वडिलांसह पाच वाटे पाडायचे, मग वडिलांचा वाटा उरलेल्या चौघांत. प्रत्येकी 40 गुंठे येतात. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या पाचव्या वाट्यापुरतंच चालतं.

मग भाऊ हक्कसोड, म्हणजे बहिणीने आपला वाटा सोडल्याचा दस्त, का मागतात? दर वेळी लोभच असतो असं नाही. वारसनोंदीनंतर सातबाऱ्यावर सामाईक खातं होतं, आणि सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सगळ्या खातेदारांची संमती लागते. वाळव्यातल्या उसाच्या कर्जासाठी पुण्याच्या बहिणीला सहीला बोलवायचं, हा वैताग खरा आहे. पण त्यावरचा उपाय हक्कसोड नव्हे. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप करून स्वतंत्र खाती होतात. एवढ्यात वाटप नको असेल तर बहिणीने फक्त पीककर्जापुरतं मुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार, द्यावं. त्यात विक्रीचा आणि गहाणाचा अधिकार नाही असं स्पष्ट लिहून घ्यावं. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलं म्हणजे शेतात वाटणीचा बांध पडला असं होत नाही. बांध वाटपाने पडतो, आणि तिथेही प्रमाणभूत क्षेत्राची, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा न पाडण्याची, अट आडवी येते.

स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीचं कुणी अडवत नाही. मात्र दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. नोटरीच्या कागदावर किंवा तलाठ्यापुढच्या जबाबावर जमिनीतला हक्क सुटत नाही. सही करण्याआधी दस्तात गट नंबर, क्षेत्र आणि हक्क कुणाच्या लाभात सोडला हे वाचावं. सगळ्यात घातक ओळ शेवटी असते: 'व इतर सर्व स्थावर मिळकती'. या पाच शब्दांत गावातलं घर, विहिरीतला हिस्सा, परड्याची जागा सगळं निघून जातं. राखी पौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीकडून घाईने घेतलेली सही पुढे फसवणूक म्हणून कोर्टात जाते, आणि असा दस्त रद्द करून घेण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं आहे.

गंमत अशी की, लेकीकडून हक्कसोड घेणारी हीच घरं सुनेच्या माहेरच्या हिश्श्याची चौकशी मात्र आवर्जून करतात.

वारसनोंदीच्या वेळीच बहिणीचं नाव गाळलं गेलं असेल तर आधी त्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या नोंदीची, नक्कल काढावी. नोंद मंजुरीच्या टप्प्यावर असेल तर नोटिशीच्या 15 दिवसांत लेखी हरकत द्यावी, म्हणजे ती तक्रार नोंदवहीत जाऊन मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होते. मंजूर होऊन गेली असेल तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) 60 दिवसांत अपील; उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, त्यामुळे महसुलात हरलं तरी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा करता येतो.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)