"खाता येतं"

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

भाजणीचं पार्सल मिळालं. एकही पुडी फुटली नाही.

बाबा खरं तर इथेच जन्माला यायचे, चुकून सांगलीत आले. कागदोपत्री हे शहर १९६८पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, पण स्वभाव थेट पुण्याचा. इथल्या श्वाबी लोकांची म्हणच आहे: रागावलो नाही, म्हणजे झालंच की कौतुक! आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते, तिला 'केअरवोखे' म्हणतात. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला पाटी. माझ्या पाळीला खालच्या आजी कठड्यावरून बोट फिरवतात आणि काही न बोलता आत जातात. म्हणजे मी पास.

त्यांना थालीपीठ दिलं. चावून चावून खाल्लं आणि म्हणाल्या, "खाता येतं." मी हिरमुसले. शेजारी हसायला लागले, म्हणाले, श्वाबी माणसाकडून स्वयंपाकाला याहून मोठी पावती मिळत नसते. आजींची नजर तोवर दुसऱ्या थालीपिठावर होती.

ऑफिसात एक मुलगी आहे, तिला सगळंच 'ऑसम' वाटतं, अगदी मी वेळेवर आले तरी. सुरुवातीला गंमत वाटायची, आता कानावरून जातं. साहेब मात्र परवा जाता जाता म्हणाले, "तिसऱ्या पानावरच्या तक्त्यामुळे ग्राहकाला सगळं पटकन कळलं." तोच तक्ता मी रात्री बसून केला होता गं! नेमकं तेच कुणीतरी पाहिलं, याचं सुख दोन दिवस पुरलं.

आपल्या घरी कौतुक नेहमी वळसा घालून येतं. माझे मार्क बाबा मला कधी बोलले नाहीत, पण वाण्याला पाठ होते. तोंडावर बोललं की पोर शेफारतं, शिवाय दृष्ट लागते! आणि चुकून कुणी बोललंच, तर तू काय करतेस? "छान आहे हो साडी" म्हटलं की लगेच "जुनीच आहे, सेलमधली." बोलणारीने मग काय करावं? नुसतं हसून "हो ना, मलाही आवडते" म्हणून बघ एकदा.

आणि वहिनीच्या अनारशांना काय सुरेख जाळी पडली होती, ते तू मला फोनवर सांगितलंस. तिला सांगितलंस का? नसेल तर आजच सांग. "छान झाले होते" म्हणून मोकळी होऊ नकोस, जाळीचंच सांग. बाबांना हे पत्र वाचून दाखव, ते काही बोलणार नाहीतच.

तुझी,
धाकटी