लेन्सला लागलेला तेलाचा हात

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर आईने "आधी जेवलीस का ते सांग" म्हटलं असतं आणि बाबांनी फोन तिच्या हातात देऊन पेपर उघडला असता. म्हणून पत्र.

आई, आधी एक कबुली. तू रोज सकाळी मला फोटो पाठवतेस आणि मी अंगठा पाठवते. त्यातले निम्मे फोटो मी उघडलेलेच नाहीत. सिग्नलला रिक्षा थांबली की तीन दिवसांचे तीन अंगठे एकदम पाठवून मोकळी होते. तुला वाटायचं, लेकीने पाहिलं.

हे मला खुपायला लागलं ते आमच्या रविवारच्या मंडळींमुळे. आम्ही ११ जण आहोत, सगळे हौशी, आणि एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेलो नाही. नागपूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर, कोल्हापूरच्या एक दातांच्या डॉक्टर, बडोद्याचा एक कॉलेजातला मुलगा, असे. रविवारी रात्री जेवणं आटोपली की ज्यांची पाळी असेल त्या दोघांनी एकेक फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. "मस्त", "अप्रतिम", "क्या बात है" यांना बंदी. नजर आधी कुठे गेली, मग कुठे वळली, कुठे अडखळली, एवढंच सांगायचं.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी इथल्या, बंगळुरातल्या अलसूर तलावावरचा सूर्योदय टाकला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पोस्टमास्तरांनी लिहिलं, "सूर्य दिसला. तुम्ही तिथे का थांबलात ते दिसलं नाही." दोन दिवस मी फुरंगटून बसले होते. (हसू नका बाबा, हा गुण कुणाकडून आलाय ते घरात सगळ्यांना माहीत आहे.) खरं तर मी थांबले होते काठावर सायकल धूत बसलेल्या एका माणसामुळे. प्रत्येक आरी तो पोराचे कान पुसावेत तशी पुसत होता. आणि फोटो "स्वच्छ" दिसावा म्हणून मी त्यालाच कापून टाकलं होतं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांचा एक फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. दवाखान्याच्या दाराबाहेर पेशंटांच्या चपला. सगळ्या दाराकडे तोंड करून, फक्त एक लहान मुलाचा जोड रस्त्याकडे वळवून ठेवलेला. संधी मिळताच पळायची तयारी! मला तो जोड दिसलाच नव्हता, बडोद्याच्या पोराने दाखवला. डॉक्टरांनीही फोटो काढताना तो पाहिला नव्हता म्हणे. म्हणजे काढणाऱ्याला न दिसलेलं पाहणाऱ्याला दिसलं. त्यासाठी तरी फोटो कुणाला तरी दाखवावा.

त्या रात्री मी आईचे फोटो उघडायला बसले. जून महिन्यापर्यंत मागे गेले. दोन वाजले.

आई, तू काय काय पाहतेस गं! दोरीवरच्या साडीची सावली भिंतीवर पडलीय आणि मांजर त्या सावलीत झोपलंय. फोडणीची वाफ बसून पांढरा झालेला बाबांचा चष्मा. कृष्णेला पाणी चढलं तेव्हा ढोल्या गणपतीचा घाट बुडालेला, आणि पायऱ्या सुरू होतात तिथे छत्री मिटून उभा असलेला एकटा माणूस. त्याला मी अंगठा पाठवला होता.

तुला न विचारता त्यातला एक मी रविवारी टाकला, त्याबद्दल रागव. तुळशीपुढची पणती, तिच्यातून दोन लांब तिरप्या रेघा निघालेल्या. मंडळी खूश. हा परिणाम कसा साधला, काही फिल्टर लावला का, अशी चर्चा रंगली. मी तुला विचारलं तर तू म्हणालीस, "अगं, वडे तळत होते, तेलाच्या हाताने फोन धरला असेल." काचेवर तेलाचा फरकाटा असला की दिव्याचा उजेड त्याला आडवा पसरतो. मी तुझं उत्तर जसंच्या तसं कळवलं. पुढच्या रविवारी दोघांनी लेन्सला तेल लावून पाहिलं. एकालाही जमलं नाही.

कोजागिरीच्या चंद्राचा फोटो मात्र फसलाय, गच्चीवर नुसता पांढरा ठिपका. त्याचं कारण पोस्टमास्तरांनी छान सांगितलं: आपल्याकडे रात्र असली तरी चंद्रावर ऊनच पडलेलं असतं. फोन अंधारी गच्ची बघतो, जास्त उजेड आत घेतो आणि चंद्र करपतो. फिल्मच्या काळात ठोकताळा होता म्हणे: भर उन्हात लेन्सचं छिद्र १६ आकड्यावर (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका, म्हणजे १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. चंद्राला वेग तोच, छिद्र ११वर. तू एवढंच कर, पडद्यावर चंद्रावर बोट टेकव आणि उजेड कमी करायची खूण खाली ओढ. गच्ची काळी होईल, होऊ दे.

या पोस्टमास्तरांचं मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी त्यांना सगळं जग पिवळट दिसायचं. ऑपरेशननंतर पहिला फोटो त्यांनी नुसत्या आभाळाचा टाकला. निळं इतकं निळं असतं हे विसरलो होतो, म्हणाले. बाबा, हे मी उगाच लिहीत नाहीये. दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करत तुम्ही दोन दिवाळ्या काढल्यात.

आणि फोटो काढून लोकांना दाखवायचं खूळ मोबाईलने आणलं, हे तुमचं म्हणणंही मला मान्य नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, हौशी मंडळी एकत्र जमून एकमेकांची कामं बघायची. आपले डॉ. भाऊ दाजी लाड त्यात होते.

तुम्हीही दाखवलेच असते, कुणी बघायला असतं तर. तुमचा आगफा क्लिक थ्री आठवतो मला. मागच्या लाल खिडकीत आकडा येईपर्यंत फिल्म फिरवायची, आणि एका रोलमध्ये १२ फोटो. गणपतीत घातलेला रोल संक्रांतीपर्यंत पुरवायचात तुम्ही. मी तर दुपारच्या चहापर्यंत चाळीस काढते आणि एकही धड नसतो.

मला जो फोटो हवाय तो अल्बमच्या शेवटच्या पानामागे खोचलेला आहे. तुम्ही त्यावर मागे "खराब" लिहिलंय. मेणवलीच्या घाटावर त्या मोठ्या घंटेजवळ आई उभी आहे, नवी नवरी, आणि तिच्या पदरातून आजी दिसते, चुलीपाशी बसलेली. तुम्ही फिल्म फिरवायला विसरलात आणि त्याच चौकटीवर पुन्हा खटका दाबलात. क्लिक थ्री काही अडवायचा नाही. सासू-सून एका चौकटीत, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. बाबा, तो मी रविवारी टाकू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही टाकणार.

हो म्हणालात तर त्याची निगेटिव्ह लागेल. माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. कडेने धरा, मधे बोट लावू नका, आणि ओलसर वाटली तर पुसू नका. त्या थरात जिलेटिन असतं, ओल धरली की बुरशी तेच खाते. कोरडी झाली की बटर पेपरमध्ये ठेवून द्या, मी पुढच्या महिन्यात येतेच आहे. माळ्यावर तुम्ही चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारा.

आई, यापुढे अंगठा बंद. उशीर होईल, पण उत्तर येईल.

आणि बाबा, त्या फोटोत आजीच्या हातात फुंकणी आहे की लाटणं, हे मला काही केल्या ठरवता येत नाही. पोस्टमास्तर नक्की विचारणार. तुम्हाला आठवतंय का?

तुमची,
मनू