आपल्या मुलाचं वाजवून झालं की निघायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी डोंबिवलीत १८ वर्षं हार्मोनियम आणि गाणं शिकवते, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना मुलं बसवते, त्यामुळे पालक हा प्रकार मला पुरता कळलाय असं वाटायचं. पण माझी नऊ वर्षांची लेक पियानो शिकते, आणि परवा रविवारी तिच्या क्लासचं रिसायटल, म्हणजे मुलांनी स्टेजवर वाजवून दाखवायचा कार्यक्रम, होतं, तिथे मी पहिल्यांदाच नुसती पालक म्हणून बसले.

घरी आमच्याकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, बोट टेकलं तरी वाजतो. हॉलमध्ये खरा पियानो, ८८ पट्ट्यांचा, पट्टी नीट दाबली तरच आतली हातोडी जाऊन तारेवर बसणार, त्यामुळे पहिल्या ओळीत तिच्या करंगळीचे सूर उमटलेच नाहीत. वाजवत होती जी मेजरमधला तो मिन्युएट, जुन्या युरोपीय नाचाची छोटी रचना, जी कितीतरी वर्षं बाख या संगीतकाराच्या नावावर खपली आणि आहे पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच संगीतकाराची. मध्येच डावा हात अडकला. यात मी घरी काही मदत करू शकत नाही हो, आम्हा पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भात्यावर, "आई, तुझा डावा हात नुसती हवा मारतो" असं ती तोंडावर म्हणते. पण थांबली, पुन्हा मागून धरलं आणि पुरं केलं.

ते ऐकायला किती जण होते? ३१ मुलं, लहान आधी आणि मोठी नंतर असा क्रम, आणि प्रत्येक मूल खाली उतरलं की त्याचे आई, बाबा, आजी, आजोबा, पाण्याची बाटली, सगळं उठून बाहेर. दार दर वेळी करकरतंय. एका आजोबांनी तर नातवाचा आत्ताच काढलेला व्हिडिओ तिथेच बसून फुल आवाजात पाहिला, स्टेजवर दुसरी मुलगी वाजवत असताना! शेवटी पियानोच्या परीक्षांतल्या आठव्या, सगळ्यात वरच्या ग्रेडचा मुलगा शोपाँ या संगीतकाराचं नॉक्टर्न वाजवायला बसला तेव्हा मी मागे वळून मोजलं, सर आणि वॉचमन धरून १७ माणसं. खरं तर हे त्या पहिलीतल्या पोरांनी ऐकायला हवं होतं, आपण हे जे टुकूटुकू वाजवतोय ते पुढे कुठे जातं हे त्यांना दुसरं कोण दाखवणार? आमच्याकडे गुरुजी आधी समोर बसवून नुसतं ऐकायला लावायचे, महिनोन्‌महिने.

मीही काही साधी नाही म्हणा. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मी सर्टिफिकिटं मुद्दाम शेवटी ठेवते आणि सगळ्यात छोट्यांना मधे मधे पेरते, म्हणजे पालक अडकून राहतात. तरी एक जण येऊन विचारतातच, "मॅडम, आमचं आधी घेता का, पुढे लग्नाला जायचंय."

क्लासवाल्यांना एवढंच सांगणं की ३१ मुलं एका दमात घेऊ नका, दोन बॅच करा, तास-सव्वा तासाच्या, आणि दोन्हीत दोन-तीन मोठी मुलं असू द्या. पालकांना काय सांगू, दोन तास सिनेमाला बसताच की.

परतताना रिक्षात लेकीने विचारलं, "त्या दादाचं वाजवणं चालू असताना सगळे घरी का गेले?" मी म्हटलं, लग्न असेल.

पुढचं रिसायटल डिसेंबरात आहे, त्याआधी छापलंत तर बरं होईल.

— एक संगीत शिक्षिका आणि आई, डोंबिवली